मे महिन्यात घर सांभाळून कादंबऱ्या कशा वाचाव्यात

मे महिन्याची सुट्टी लागली की ग्रंथालयातून पिशवीभर कादंबऱ्या घरी येतात आणि जूनमध्ये त्यातल्या निम्म्या न वाचताच परत जातात, वर दंडही भरावा लागतो. वाचणाऱ्याची आवड कमी पडते, असं नाही. कामांचा क्रम उलटा लागलेला असतो. आधी पुस्तकं आणली जातात, मग वेळ शोधला जातो, आणि तो सापडत नाही तेव्हा घरात कुरबुर सुरू होते. क्रम असा हवा: आधी आपला वेग मोजायचा, मग कॅलेंडरवर तास शोधायचे, मग घरच्यांशी बोलून ते तास पक्के करायचे आणि त्यानंतर पुस्तकं आणायची. पहिले तीन टप्पे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच उरका. १ मे उजाडल्यावर हे करायला बसलात तर पहिला आठवडा गेलाच म्हणून समजा.

टप्पा १: वाचनाचा वेग मोजा

न वाचलेली एखादी कादंबरी घ्या. आवडीचं, दोनदा वाचून झालेलं पुस्तक चालणार नाही, कारण त्यात डोळे आठवणीवर पळतात. पहिली दहा पानं सोडून पुढून सुरुवात करा, घड्याळात २० मिनिटं लावा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वेळ संपली की पानं मोजा आणि तीनाने गुणा. हा झाला तासाचा वेग.

ही मोजणी तीन वेळा करायची: सकाळी, दुपारच्या जेवणानंतर आणि रात्री दहाच्या सुमारास. उदाहरणार्थ, २० मिनिटांत सकाळी ११, दुपारी ९ आणि रात्री ६ पानं झाली, तर तासाचे आकडे ३३, २७ आणि १८ असे येतात. सकाळ आणि रात्र यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. बहुतेक लोक आपलं सगळं वाचन नेमकं रात्रीवर ढकलतात, म्हणजे सगळ्यात मंद वेळेवर. महिन्याचं गणित कोलमडायला एवढं एक कारण पुरतं. पुढच्या हिशेबासाठी मधला, दुपारचा आकडा धरा.

पानापानांतही फरक असतो. दहा भरलेल्या ओळींतले शब्द मोजा, दहाने भागा आणि पानावरच्या ओळींच्या संख्येने गुणा. ओळीत ९ शब्द आणि पानावर ३० ओळी असतील तर पान २७० शब्दांचं झालं. जुन्या बारीक टायपाच्या आवृत्तीत हाच आकडा साडेतीनशेवर जातो. तिथली २०० पानं ही प्रत्यक्षात २६० पानं असतात.

बोलीत लिहिलेली कादंबरी वेगळी मोजावी लागते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा माणदेशी बोली कानावर नसेल तर पहिली तीसचाळीस पानं निम्म्या वेगाने जातात. मग कान बसतो आणि वेग परत येतो. ही पानं चालू असताना ‘जमत नाही’ म्हणून पुस्तक मिटणारे बरेच असतात. दहा मिनिटं मोठ्याने वाचून पाहा. डोळ्याला अडणारा शब्द उच्चारला की पुष्कळदा आपोआप उलगडतो.

तपासा: तुमच्याकडे आता तीन आकडे लिहिलेले हवेत. ‘साधारण तीसएक पानं होतात’ हा अंदाज झाला, मोजणी नव्हे.

टप्पा २: कॅलेंडरवर तास शोधा

भिंतीवरच्या कालनिर्णयचं मे महिन्याचं पान समोर घ्या आणि प्रत्येक दिवसावर तीनपैकी एक खूण करा. फुली म्हणजे शून्य दिवस, एक रेघ म्हणजे अर्धा दिवस, गोल म्हणजे पूर्ण दिवस.

शून्य दिवस आधी लावा. घरातलं किंवा जवळच्या नात्यातलं लग्न असेल तर दोन दिवस जातात. एक दिवस लग्नाचा, दुसरा परतण्याचा आणि धुण्याचा. गावी जाण्यायेण्याचा प्रवास लहान मुलांबरोबर असेल तर तोही शून्यच धरा. ‘गाडीत वाचू’ हा बेत फक्त एकट्याने प्रवास करणाऱ्याचा चालतो. रस्त्याच्या प्रवासात तर पान डोळ्यांसमोर हलत राहतं आणि कित्येकांना त्याने मळमळतं.

वाळवणाच्या दिवसांचा हिशेब हमखास चुकतो, म्हणून तो नीट बघू. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतात आणि या तीन दिवसांत काम असतं ते रोज पाणी बदलण्याचं. म्हणजे हे तिन्ही दिवस वाचनाचे आहेत. चौथ्या दिवशी गहू वाटून, गाळून चीक काढायचा असतो, आणि तो रात्रभर बसला की पाचव्या दिवशी पहाटे वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत कुरडया घालायच्या. हे दोन दिवस शून्य. नंतर वाळवणाच्या राखणीला कुणीतरी बसावं लागतं, कावळेचिमण्या हाकलायला. ही राखण म्हणजे वाचायची उत्तम संधी असते, कारण बसणं हेच त्या वेळचं काम असतं. फक्त सावलीत बसा. कडक उन्हात पांढऱ्या पानाने डोळे दिपतात, आणि नुसत्या गोंदाने चिकटवलेली बांधणी तापून सैल होते नि पानं सुटतात.

लोणच्याचा दिवस पूर्ण शून्य नसतो. कैऱ्या धुऊन, पुसून, फोडून मीठ लावेपर्यंत सकाळ जाते. दुपार मोकळी राहते. त्याला एक रेघ.

आता गणित. समजा ३१ दिवसांत ७ शून्य, ८ अर्धे आणि १६ पूर्ण दिवस निघाले. अर्ध्या दिवसाला ४५ मिनिटं धरली तर ६ तास होतात. पूर्ण दिवसाला ९० मिनिटं धरली तर २४ तास. एकूण ३० तास. तासाला २७ पानांप्रमाणे ८१० पानं झाली. यातून पाचवा भाग वजा करा, कारण पाहुणे, ताप आणि वीज जाणं कॅलेंडरवर छापलेलं नसतं. उरली साधारण ६५० पानं. म्हणजे चार कादंबऱ्या, त्याही सगळ्या जाडजूड नाहीत.

हा आकडा पाहून बरेच जण वेग वाढवायच्या मागे लागतात. भराभर डोळे फिरवून वाचलेली कादंबरी आठवड्याने आठवत नाही, पात्रांची नावंसुद्धा राहत नाहीत. वाढवायचा तो वेळ, आणि तोही सकाळी. वाचनाच्या २४ दिवसांत घर जागं होण्याआधी रोज अर्धा तास मिळाला तर १२ तास होतात. सकाळच्या ३३ पानांच्या वेगाने ३९६ पानं होतात. पाचवा भाग सोडला तरी सव्वातीनशेच्या आसपास भर पडते. आता हातात ९६० पानं आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी ४०.

सावध: सकाळचा अर्धा तास रात्री अर्धा तास लवकर झोपूनच मिळवायचा आहे. तो झोपेतून कापलात तर चौथ्या दिवसापासून दुपारचं वाचन डुलक्यांत जातं आणि जमा झालेली पानं तिथेच वजा होतात.

टप्पा ३: घरच्यांशी बोलून वेळ पक्की करा

बरेच जण हा टप्पा गाळतात आणि वाचन चोरून करतात. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून दोन पानं, बाथरूममध्ये दोन पानं, मुलं टीव्हीपुढे असताना चार पानं. अशा वाचनात दर दोन पानांनी मागचं पुन्हा वाचावं लागतं. शिवाय ‘हिचं लक्षच नसतं’, ‘हा पुस्तकात डोकं घालून बसतो’ ही तक्रार वाढत जाते, आणि तिच्यात तथ्यही असतं. सांगून घेतलेला एक अखंड तास चोरलेल्या दोन तासांपेक्षा जास्त पानं देतो.

बोलणी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, जेवणानंतर, सगळे बसलेले असताना करा. प्रत्येकाशी वेगवेगळं बोललात तर एकाला एक वेळ सांगितली जाते आणि दुसऱ्याला दुसरी.

वेळ घड्याळाची सांगा. ‘मी जरा वाचते’ याचा अर्थ घरातल्यांच्या लेखी ‘मी मोकळी आहे’ असाच होतो. त्याऐवजी असं सांगून पाहा: ‘आई, दुपारी साडेतीन ते साडेचार मी आतल्या खोलीत वाचत बसते. साडेचारला चहा मी टाकते.’ यात सुरुवात आहे, शेवट आहे आणि शेवटी काय होणार तेही आहे. सासूबाई असोत की वडील, साडेचारचा चहा ठरल्या वेळी आला की दुसऱ्या दिवसापासून साडेतीनला कुणी हाक मारत नाही. चहा दोनदा उशिरा झाला तर मात्र ही सोय संपली.

ज्यांच्या वाट्याला स्वयंपाक नाही त्यांनी इथे थांबून विचार करावा. एकाचं वाचन दुसऱ्याच्या कामात भर घालून होत असेल तर ते आठवडाभरही टिकत नाही, आणि टिकू नये. तासाला तास द्या. नवरा सकाळी सात ते आठ वाचणार असेल तर संध्याकाळी सहा ते सात मुलांची आंघोळ, दप्तराऐवजी आता पसरलेली खेळणी आणि भाजी आणणं त्याच्याकडे, आणि तो तास बायकोचा. तिला वाचायचं नसेल तरी तो तिचाच. कागदावर दोन रकाने आखून हे लिहा आणि फ्रिजवर लावा.

घरातल्या ठरलेल्या वेळा आधी टाळा. नळाला पाणी यायची वेळ, कामाला येणाऱ्या मावशींची वेळ, आजोबांच्या औषधांची वेळ, बाळाच्या झोपेची वेळ. यांतल्या झोपेच्या वेळेवर सगळी मदार ठेवू नका. लहान मूल झोपलं की वाचायचं, हा बेत ते मूल आजारी पडलं किंवा दुपारी झोपेनासं झालं की कोसळतो.

मग अडवण्याचे नियम ठरवा. कुणी पडलं, दुखलंखुपलं, दारात सिलिंडर आला आणि फोनवरचा आकडा सांगायचा आहे, अशासाठी हाक मारायची. चार्जर कुठे आहे, पाहुण्यांना काय वाढायचं, टीव्हीचा रिमोट कुणी घेतला, या गोष्टी साडेचारला. सात वर्षांच्या पुढच्या मुलांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. त्याहून लहान मुलांना कळत नाही, आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही करू नका. त्यांच्यासाठी दुसरं कुणीतरी बाहेर असायला हवं.

मुलांबरोबरचं वाचन वेगळं मोजा. रात्री झोपण्यापूर्वी वीस मिनिटं मोठ्याने वाचायची असतील तर मुळात तुकड्यांत बांधलेलं पुस्तक घ्या. ‘श्यामची आई’ एकेका रात्रीच्या गोष्टीने पुढे सरकते, त्यामुळे रोज एक रात्र घेता येते. मात्र तिथे ४२ रात्री आहेत आणि मे महिन्यात ३१. सगळं संपवायचं असेल तर आठवड्यातून दोन-तीन वेळा दोन रात्री घ्या, किंवा जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालवा. तोवर अनेक शाळा उघडलेल्या नसतात. आजोबांची दृष्टी अधू झाली असेल तर त्यांनाही याच वेळी शेजारी बसवा. एका आवाजात दोघांचं वाचन होतं.

तपासा: घरातल्या प्रत्येकाला तुमच्या दोन वेळा न बघता सांगता येतात का? येत नसतील तर बोलणी अजून झालेली नाहीत.

टप्पा ४: कादंबऱ्या निवडा

आता, आणि आताच, पुस्तकं. ९६० पानांचा साचा असा लावा: एक जाड, सुमारे ३५० पानांची, दोन मध्यम, १९० च्या आसपासच्या, दोन बारीक, ११५ च्या आसपासच्या. पाच झाल्या. मुलांबरोबरची सहावी. ऐकायची एखादी धरली तर सात. सकाळचा अर्धा तास मिळणार नसेल तर एक मध्यम काढून टाका आणि बाकीच्या थोड्या लहान घ्या.

बारीक म्हणजे हलक्या नव्हेत. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ किंवा व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पानांनी लहान आहेत, पण वाचून संपल्यावर लगेच दुसरं पुस्तक उघडवत नाही. अशा कादंबरीनंतर एक दिवस मोकळा धरा. हा दिवस वाया गेला असं मानून लगेच पुढचं पुस्तक घेतलं की दोन्ही पुस्तकं एकमेकांत मिसळतात.

जाड कादंबरी निवडताना तिची आतली बांधणी बघा. ‘मृत्युंजय’ आणि ‘ययाति’ या दोन्हींत वेगवेगळी पात्रं आपापल्या तोंडून सांगतात, त्यामुळे निवेदक बदलतो तिथे थांबायची जागा आयती मिळते. घरात दर तासाला उठावं लागणाऱ्याला हे फार सोयीचं. उलट, प्रकरणंच नसलेली, सलग वाहणारी तीनशे पानांची कादंबरी मे महिन्यात घेऊ नका. ती दिवाळीच्या चार निवांत दिवसांसाठी ठेवा.

लागोपाठ दोन ऐतिहासिक कादंबऱ्या घेऊ नका, विशेषतः एकाच काळातल्या. पेशवाईवरच्या दोन वाचल्या की कुठला राघोबा कुठल्या पुस्तकात काय बोलला हे महिन्याअखेर सांगता येत नाही. मधे एखादी आजच्या काळातली टाका.

मालिकेतलं पुस्तक असेल तर क्रम विचारून घ्या. भालचंद्र नेमाडे यांचं चांगदेव पाटीलचं चतुष्टय ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ असं आहे. फळीवर ‘जरीला’ दिसली म्हणून तीच आणली तर आधीची दोन नसल्याचं पन्नास पानांनी कळतं.

ग्रंथालयात करायची तपासणी:

१. शेवटचं पान उघडा. हाताळून हाताळून सगळ्यात आधी शेवटची पानं जातात.

२. पानांचे आकडे सोळासोळाच्या टप्प्याने पाहा: १७, ३३, ४९, ६५. पुस्तक पुष्कळदा सोळा पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुडग्यांनी, बांधलेलं असतं, आणि बांधणीत एखादा फर्मा सुटतो किंवा दोनदा लागतो. हे १२८ व्या पानावर कळण्यापेक्षा काउंटरवर कळलेलं बरं.

३. पुस्तक मधोमध उघडून पाहा. ग्रंथालयाच्या पुठ्ठा बांधणीत आतला समास कधीकधी इतका आवळला जातो की ओळींचे शेवट शिवणीत जातात. असं पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं आणि अर्ध्या तासात मनगट दुखतं.

४. पहिलं पान आणि पन्नासावं पान वाचा. पहिल्या पानावर प्रत्येक लेखक मेहनत घेतो. पन्नासाव्यावर पुस्तकाचा रोजचा स्वर कळतो.

एका कार्डावर एकावेळी किती पुस्तकं मिळतात, किती दिवसांसाठी, मुदत फोनवर वाढवून मिळते का आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, हे चार प्रश्न आधी विचारा. नवीन सभासद व्हायचं असेल तर वर्गणीशिवाय अनामतही भरावी लागते. ती पावती जपून ठेवा. सुट्टीत मुलांसाठी वेगळं सभासदत्व देणारी ग्रंथालयं बरीच आहेत, त्याचीही चौकशी करा.

सावध: पाचही पुस्तकं एकदम आणू नका. जाड पुस्तक पहिल्याच दिवशी आणलं तर त्याची मुदत तुम्ही ते उघडण्याआधीच निम्मी संपते.

ग्रंथालय जवळ नसेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर आणि ई साहित्य प्रतिष्ठानकडे मराठी पुस्तकं मोफत मिळतात. लेखकाच्या निधनाला ६० वर्षं होऊन गेली की पुस्तक भारतात स्वामित्वहक्कातून मोकळं होतं, त्यामुळे हरिभाऊ आपट्यांसारख्यांच्या कादंबऱ्या उतरवून घ्यायला अडचण नाही. पायरसीच्या पीडीएफ मात्र टाळा. लेखकाचं नुकसान होतंच, शिवाय त्यांत पानं उलटसुलट आणि गायब असतात. परदेशात राहणाऱ्यांनी आपल्या शहरातल्या मराठी मंडळाकडे पुस्तकांची पेटी आहे का विचारावं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातल्या पुस्तकपेट्या दुबईपर्यंत पोचलेल्या आहेत.

टप्पा ५: वाचायचा क्रम लावा

पहिली बारीक. तीन दिवसांत एक पुस्तक हातावेगळं होतं आणि घरातल्यांनाही दिसतं की हे खरंच चाललंय. दुसरी मध्यम, चारपाच दिवस. जाड कादंबरी दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी उघडा. तोवर वेळापत्रक अंगवळणी पडलेलं असतं. तिला आठनऊ वाचनाचे दिवस द्या. मग दुसरी मध्यम आणि शेवटी उरलेली बारीक.

जाडीपासून सुरुवात करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. ‘मोठी आधी संपवू, मग लहान पटापट होतील’ असं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात वेळापत्रक बसलेलं नसतं, पानं रोज मागे पडतात, आणि दहा तारखेला हातात एकही पूर्ण पुस्तक नसतं.

दुसरी चूक म्हणजे जाड पुस्तक सलग शून्य दिवसांच्या तोंडावर उघडणं. तीस पानं वाचून चार दिवस लग्नाला गेलात तर परत आल्यावर ती तीस पानं पुन्हा वाचावी लागतात. कॅलेंडरवर किमान पाच गोल सलग दिसतील तिथेच जाड पुस्तकाची सुरुवात लिहा.

टप्पा ६: रोजची बैठक

जागा एकच ठेवा. उजेड पानावर मागून किंवा बाजूने पडू द्या. समोरच्या खिडकीकडे तोंड करून बसलात तर पान काळवंडतं. चाळिशीच्या पुढे असाल आणि पुस्तक हळूहळू हातभर लांब जात असेल तर आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. त्यावर दुसरा उपाय नाही. वीज जाणाऱ्या भागात चार्जिंगचा दिवा सकाळीच चार्जिंगला लावून ठेवायचा.

एक बैठक ४५ मिनिटांची. प्रकरण संपलं तिथेच थांबू नका. पुढच्या प्रकरणाचे दोनतीन परिच्छेद वाचून मग पुस्तक मिटा. दुसऱ्या दिवशी गोष्ट चालू सापडते आणि सुरुवातीची दहा मिनिटं वाचतात. निवेदक बदलणाऱ्या कादंबऱ्या याला अपवाद. तिथे भागाच्या शेवटीच थांबावं.

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीची एक लांब पट्टी कापा. तीच खूण आणि तीच टिपण. तिच्यावर पात्राचं नाव, नातं आणि पान एवढंच लिहायचं: ‘गंगू, थोरल्याची बायको, पा. ३४’. पहिल्या पन्नास पानांत आठदहा नावं झाली की पुढे फारशी भर पडत नाही. बैठक संपताना शेवटी एक ओळ: कोण कुठे आहे आणि काय अडलंय. पेन्सिलीच्या खुणा ग्रंथालयाच्या पुस्तकात नकोत.

मधेच उठावं लागलं तर परत आल्यावर अर्धं पान मागे जा. एक-दोन शून्य दिवस गेले असतील तर पट्टी वाचा आणि पाच पानं मागे जा. तीनपेक्षा जास्त गेले असतील तर शेवटचं प्रकरण पुन्हा वाचा. हा वेळ पाचव्या भागाच्या वजावटीत धरलेलाच आहे.

हातात एकावेळी एकच कादंबरी ठेवा. मुलांना मोठ्याने वाचायची आणि कानाने ऐकायची, या दोन चालतात, कारण त्यांची वेळ आणि जागा वेगळी असते.

ऐकण्याबद्दल थोडं. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, लसूण सोलताना ऐकता येतं. फोडणी देताना, चीक ढवळताना आणि रस्ता ओलांडताना नाही. चीक खाली लागला की कुरडया गेल्या. ऐकायला बोलीतली कादंबरी निवडा. वाचणारा त्या भागातला असेल तर डोळ्याला जड गेलेली बोली कानाला सहज जाते. सुरू करण्यापूर्वी ‘संक्षिप्त’ असं लिहिलं आहे का ते पाहा. तीनशे पानांची कादंबरी दोन तासांत संपत असेल तर ती कापलेली आहे.

टप्पा ७: १० आणि २० तारखेची तपासणी

या दोन रात्री पाच मिनिटं बसा. आतापर्यंत वाचनाचे जितके दिवस झाले, त्यांना ४० ने गुणा आणि प्रत्यक्ष पानांशी ताडून पाहा. १० मेपर्यंत आठ दिवस झाले असतील तर ३२० पानं हवीत. २० तारखेपर्यंत सोळा झाले असतील तर ६४०.

पन्नासपर्यंत कमी असाल तर काहीही बदलू नका. शंभराच्या वर कमी असाल तर एक पुस्तक यादीतून काढा, आणि ते दुसरं मध्यम पुस्तकच असू द्या. जाड कादंबरी निम्मी झाली असेल तर ती कधीच सोडू नका. मागे पडलेली पानं रात्री जागून भरू नका, आणि मुलांच्या वीस मिनिटांतूनही भरू नका. साडेचारचा चहाही तसाच ठेवा. तास घरच्यांनी विश्वासाने दिलेले असतात आणि विश्वास गेला की पुढच्या सुट्टीत ते मागता येत नाहीत.

पुस्तक मनाला लागत नसेल तर? बारीक असेल तर ३० पानं, मध्यम असेल तर ५०, जाड असेल तर ७० पानं द्या. बोलीतलं असेल तर आणखी २०. त्यानंतरही पुढे काय होईल हे जाणून घ्यावंसं वाटत नसेल तर बंद करून परत करा. पानं गाळत गाळत शेवटपर्यंत जाणं हा यातला सगळ्यात वाईट पर्याय, कारण वेळही जातो आणि कादंबरीही वाचून होत नाही. सोडलेल्या पुस्तकाची पानं मात्र मोजणीत धरा. ती तुम्ही वाचलेली आहेत.

टप्पा ८: शेवटचा आठवडा

मेच्या शेवटी पाहुण्यांची परतीची गडबड, लोणच्याच्या कैऱ्या आणि पावसाआधीची आवराआवर एकत्र येतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात नवीन मध्यम पुस्तक उघडू नका. उरलेली बारीक कादंबरी २७ किंवा २८ तारखेला सुरू करा. पुस्तकं परत करण्याचा दिवस ग्रंथालयाच्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवू नका. तो हुकला की मुदत उलटते. परत देण्यापूर्वी प्रत्येक पुस्तकातली पट्टी काढून घ्या, तिच्यावर पुस्तकाचं नाव आणि संपवल्याची तारीख लिहा आणि सगळ्या पट्ट्या एका पाकिटात घाला. ऑक्टोबरमध्ये कुणी ‘ती कशी आहे रे?’ असं विचारलं की त्या पट्टीवरची आठ नावं आणि शेवटची ओळ पुरेशी होते.